झांजिबारचं बोलावणं

इजा,

तुला माती दिली त्याला आज नऊ दिवस झाले. देवळात सातव्याची मीसची प्रार्थना झाली, माणसं जेवून गेली, तुझी नणंद हंडे घासून आपल्या गावी गेली आणि मी काल माजिवड्याला परत आले. आल्या आल्या सवयीनं तुझ्यासाठी सुके बोंबील बाजूला काढून ठेवले. मग लक्षात आलं. तशीच जमिनीवर बसले आणि मोठमोठ्यानं रडले. शेजारची भागी धावत आली. म्हणाली, 'पुरं कर गो आता, तुज्या रडन्यानं बहिनीला तरास होतो.' मी तिला म्हटलं, बहिणीला काय त्रास द्यायचा तो मी जिवंतपणीच देऊन झालाय. तिला वाटलं, मी दुःखानं बरळतेय.

फादरांनी देवळात तुझ्याबद्दल चार चांगले शब्द सांगितले. तू कशी कष्टाळू, कशी देवभोळी, कल्याणच्या रेल्वे चाळीत कुणाच्या घरी आजारपण असलं की पेजेचं भांडं घेऊन कशी हजर. सगळं खरं. ते मी पुन्हा इथं लिहीत बसत नाही. मला तुझ्याशी एकच बोलायचंय. झांजिबारच्या सिस्टरांनी तुला आपल्यात का घेतलं नाही, हा प्रश्न तू अठरा वर्षं उराशी धरून होतीस. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पण माझी खोड तुला माहीत आहे. भाकरी मागितली तर बाय पेरणीपासून सुरू करते, असं तूच म्हणायचीस. तेव्हा आज शेवटचं ऐकून घे.

त्या पाच सिस्टरा मुंबईला आगबोटीतून उतरल्या त्याच मुळी तापानं फणफणत. हवापालट म्हणून त्यांना ठाण्याला आणलं आणि तलावाकाठच्या देवळामागच्या घरात ठेवलं. संत बेनेडिक्टच्या मठातल्या, जर्मन मुलखातल्या. काळा झगा, काळा पदर आणि तोंडं चुन्यासारखी पांढरी. बऱ्या झाल्या की त्यांना पुढं झांजिबारला जायचं होतं, गुलामीतून सोडवलेल्या पोरींसाठी शाळा काढायला. मी तेव्हा रेल्वेच्या एका साहेबाकडे आया होते. मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होते, म्हणून फादरांनी मला त्यांच्या सेवेला बोलावलं. तुला मी नेलं. घरी बसून तू आयचं डोकं खात होतीस, दुसरं काय!

पहिल्या दिवशी जेवताना त्या एकमेकींशी अवाक्षर बोलेनात. एक जण उभी राहून पुस्तकातून काहीतरी वाचतेय, बाकीच्या चौघी माना खाली घालून गप्प. मीठ हवं तर बोटांची एक खूण, पाणी हवं तर दुसरी. तू मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलंस आणि कानात म्हणालीस, 'बाय, यांच्यात अबोला हाय गो. मोठं भांडान झायलंय.' मलाही तसंच वाटलं. आपल्यात माणसं गप्प बसून जेवतात ती फक्त भांडण झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी तू खपून मैद्याचे गोल फुगे तळलेस, टोपली भरून त्यांच्या मधोमध ठेवलीस आणि सगळ्यांत धाकट्या सिस्टरचा हात धरून सरळ त्यांच्यातल्या थोरल्या मादरच्या हातावर ठेवलास, लहान पोरांची गट्टी करून देतात तसा. मादर बघतच राहिली. धाकटीला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती लाललाल झाली आणि जेवण झाल्यावर तिला सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागावी लागली, कारण जेवताना मौन पाळायचं हा त्यांच्या मठाचा नियम आणि तो तिनं मोडला होता. ती सिस्टर वाल्बुर्गा. तिचं नाव तुझ्या जिभेवर बसेना, म्हणून तू त्याच दिवशी तिला सिस्टर वालाचं बिरडं करून टाकलंस. ती बिचारी त्या नावाला ओ देऊ लागली. पुढं झांजिबारला जेव्हा कधी वाल शिजले, तेव्हा तू तिच्याकडे बघायचीस आणि तिला पुन्हा हसू फुटायचं.

महिन्याभरात त्या बऱ्या झाल्या. त्यांना बरोबर दोन बायका हव्या होत्या, धुणं-रांधणं बघायला आणि तिथल्या बाजारात हिंदुस्थानी बोलायला. तिथले दुकानदार सगळे आपल्याकडचे, कच्छी नाहीतर गोंयकार. मादरनी मला विचारलं. मी हो म्हटलं, कारण नवरा पटकीनं गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि या गावात मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. 'ती रांड झालेली' एवढंच माझं नाव उरलं होतं. पण एकटीनं जायची छाती नव्हती. म्हणून तुला ओढलं. तू सतरा वर्षांची. दर्या ओलांडायचा म्हटल्यावर तू अंगणात नाचलीस आणि आयनं चुलीवरचा तवा उतरवून ठेवला. 'दोघी जाताव, दोघीच परत येजा,' ती मला म्हणाली. 'एकली आयलीस तं दारात उभी नाय करनार.' हे ती मला म्हणाली, तुला नाही. ते तुला मी कधी सांगितलं नाही.

आगबोटीवर आपली काय फजिती झाली गो! आपण खाडीच्या पोरी, होडीत वाढलेल्या, आपल्याला कसला दर्या लागतोय, म्हणून तू निघताना केवढी फुशारकी मारलीस. आणि तीन दिवस आपण दोघी एकाच घमेल्यात ओकत होतो. सिस्टरा मात्र कठड्याला धरून उभ्या. दिवसातून सात वेळा त्यांची प्रार्थना, बोट कलंडो नाहीतर सरळ होवो. मादर लंगडत यायची, आपल्या कपाळावर हात ठेवायची आणि लंगडत परत जायची. तिचा कुठला पाय अधू होता यावरून आपण किती वर्षं भांडलो! तू म्हणायचीस उजवा. मागच्या ईस्टरलासुद्धा, अंगात ताप असताना, तू उठून मला चालून दाखवलंस. इजा, डावाच होता गो. आता तू गेलीस म्हणून मी उजवा म्हणणार नाही.

झांजिबारला मी दोन वर्षं धुणं धुतलं. लवंगांचा वास, पांढरी घरं, घशाला कोरड पाडणारी हवा, एवढं माझ्या लक्षात आहे. तुझ्या लक्षात सगळंच होतं. तू त्या पोरींना तांदूळ धुवायला शिकवलंस, मठामागं मिरच्या आणि वाल लावलेस, त्या पोरींची भाषा माझ्याआधी उचललीस. लॅटिनमधला एक शब्द कळत नसताना तू प्रार्थनेच्या वेळी मागं जाऊन बसायला लागलीस आणि पाहता पाहता त्यांचे चढउतार तुझ्या कानात बसले. कपडे पिळताना तू ते गुणगुणायचीस. ज्या पोरीला घरी दोन घटका गप्प बसवणं आयला जमलं नव्हतं, ती त्यांच्याबरोबर गप्प बसून जेवायला लागली. बोटांच्या खुणा तुला माझ्यापेक्षा चांगल्या यायला लागल्या. कधीकधी मी काही विचारलं की तू नुसती खूण करायचीस. मला त्याचा राग यायचा. तेव्हा मी म्हणायचे, नखरे पुरे. आता कळतं, मला भीती वाटायची.

एकदा वाल्बुर्गानं मला सांगितलं की त्यांच्यात शपथ असते, ज्या घरात शब्द दिला त्या घरात मरेपर्यंत राहायचं. मी ते तुला सांगितलं, थट्टेनं. म्हटलं, घर सोडायचं नाही म्हणे आणि एवढा दर्या ओलांडून आल्यात! तू हसली नाहीस. म्हणालीस, 'लगनासारखा हाय ना बाय?' मी म्हटलं, लग्न म्हणजे नवरा लागतो, तो कुठाय? तू चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलंस, दुसरं धरून पिळा घातलास आणि म्हणालीस, 'घरच.' त्या दिवशी मला कळलं की आता तू परत येणार नाहीस. पिळलेलं पाणी माझ्या पायांवर पडत होतं आणि मी मनात आयला उत्तर जुळवत होते.

तसं मी वाल्बुर्गाला विचारलंही. आडून विचारलं. तुमच्यात कुणाला यायचं असलं तर तुम्ही कसं घेता? ती म्हणाली, आम्ही कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं त्यानं आपल्या पायांनी यावं आणि दार ठोठवावं. लगेच उघडायचं नाही, असंच संत बेनेडिक्टनी लिहून ठेवलंय. चार दिवस, पाच दिवस ताटकळू द्यावं, दोन कठोर शब्द बोलावेत. तरी तो दारातून हलला नाही, तर ओळखावं की हा खरा. मला ते फार विचित्र वाटलं. आपल्यात शेजारच्या घरी बारशालासुद्धा बोलावणं आल्याशिवाय कुणी जात नाही. सासरहून माहेरी जायचं तरी माणूस न्यायला यावं लागतं. बिनबोलावता दारात उभी राहते ती भिकारीण. पण मी ऐकून घेतलं. नीट ऐकून घेतलं. म्हणजे पुढं जे झालं, ते मला कळलं नाही म्हणून झालं, असं म्हणायची मला सोय नाही.

मग फादरांचं पत्र आलं की आयनं अंथरूण धरलंय, तिला तुमची तोंडं बघायचीत. मादरनी लगेच आपल्या जाण्याची व्यवस्था केली. आणि आदल्या दिवशी तू मला म्हणालीस, 'बाय, मादरला सांग. आयला बघतो, बरी झायली का परत येतो. मना हितंच रव्हाचा हाय, त्यांच्यासारखा.' हे तू किती वेळा मनाशी घोकलं असशील, एका दमात बोललीस.

मी ते मादरला सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, एवढं तरी माझ्या पदरात घाल. आपण धक्क्यावर उभ्या होतो, आगबोटीपर्यंत नेणारा पडाव खाली हलत होता, तुझ्या काखेत गाठोडं. मादरनी तुझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, 'तिला सांग, आम्ही कुणाला बोलावणं पाठवत नाही, तशी रीतच नाही. पण दार इथंच आहे. तिनं यावं आणि ठोठवावं. नाही उघडलं तर पुन्हा ठोठवावं. तिला सांग, आम्ही वाट पाहू.'

तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. 'काय बोलली गो?'

मी म्हटलं, 'सुखरूप जा म्हणते. वेळ आली की बोलावणं पाठवू म्हणते.'

तू खाली वाकून मादरच्या हाताचं चुंबन घेतलंस, इतक्या आनंदानं की तिला वाटलं, तुला सगळं कळलं.

इजा, मी किती वर्षं स्वतःला समजावलं की मी फक्त आपल्या रीतीत सांगितलं. ये आणि दार ठोठाव, हे आपल्या माणसाला सांगायचं कसं? तू दुखावली असतीस. म्हणून जरा मऊ करून सांगितलं. असं मी समजावलं आणि माझं मलाच ते कधी पटलं नाही. मला माहीत होतं की बोलावणं येणार नाही. मला माहीत होतं की बोलावणं आल्याशिवाय तू जाणार नाहीस. दोन्ही घरांच्या रीती मला एकटीला ठाऊक होत्या आणि मी त्यांच्यामध्ये तुला उभी करून ठेवली.

आय आपण आल्यावर आठ दिवसांत उठून बसली आणि तिनं बोंबलाचं कालवण मागितलं. सात वर्षं जगली नंतर. आपण दोघी मिळून तिच्या दारात उभ्या राहिलो होतो ना!

मग तुझं वाट बघणं सुरू झालं. दर रविवारी मीस झाली की तू फादरांच्या घराच्या पायरीशी जाऊन उभी राहायचीस, कारण परदेशाहून आलेली पत्रं तिथं यायची. फादर लांबूनच मान हलवायचे. पहिल्यांदा तू हसत परत यायचीस, 'बोट लेट झाली असन.' मग नुसती परत यायचीस. तू स्वतःसाठी दोन काळे झगे शिवून ठेवले होतेस, मापानं जरा मोठे, पुढं अंग भरेल म्हणून. घरात तू जेवताना बोलायची बंद झालीस. आय कावायची, 'मुकी झायली काय पोर?' आणि मी तुझ्यासमोर बसून भात कालवायचे. एक वाक्य, इजा. माझ्या तोंडात घास असायचा आणि त्याच्यामागं ते एक वाक्य असायचं. आज सांगू, उद्या सांगू, पुढच्या रविवारी सांगू. जितका उशीर झाला तितकं ते सांगणं जड झालं, कारण आता नुसतं ते वाक्य सांगून भागणार नव्हतं, इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं.

दीड वर्षानं पास्कूचं स्थळ आलं. कल्याणच्या रेल्वे कारखान्यातला फिटर, शांत माणूस, हातांना तेलाचा वास. तू मला खळ्यावर घेऊन गेलीस आणि विचारलंस, 'बाय, तुला काय वाटतं? येतील काय त्या बोलवायला?' शेवटची संधी होती ती. तू मला दार उघडून दिलंस. मी म्हटलं, 'मला नाही वाटत.' हेसुद्धा खोटं नव्हतं, बघ. तू पायानं पेंढा सारखा केलास. मग म्हणालीस, 'नाय बोलावला, मंजे नको असन मी त्यांना.' आणि दोन्ही झगे उसवून तू त्यांची पाळण्याची दुपटी केलीस. त्यातल्या एकात रेजिन निजली.

मी तुझ्या लग्नात सगळ्यांत जास्त नाचले. लोक म्हणाले, थोरलीला बघा किती आनंद झालाय. खरंच झाला होता. ठाण्याहून कल्याण म्हणजे मुंब्र्याचे दोन बोगदे आणि डोंबिवलीची शेतं, की आलीच तू. महिन्यातून दोनदा मी यायचे. तू माझ्या केसांना तेल लावायचीस, मी तुझ्या पोरीला खेळवायचे, पास्कू माझ्यासाठी खुर्ची बाहेर आणून ठेवायचा. अठरा वर्षं मला बहीण मिळाली. विधवा बाई, पोर ना बाळ, आणि तरी माझं म्हातारपण तुझ्यामुळं भरल्या घरात चाललंय असं मला वाटायचं. मी किती सुखी होते ते तुला सांगायला हवं. ते सुख तुझंच होतं, मी न विचारता उचललेलं, तरी आभार मानल्याशिवाय राहवत नाही गो.

तूही दुःखी नव्हतीस, हे मला ठाऊक आहे. पास्कूवर तुझा जीव होता. पण शेजारणींना झांजिबारच्या गोष्टी सांगताना तू नेहमी तिथंच येऊन थांबायचीस. धक्का, पडाव, मादरचे भरलेले डोळे. 'बोलावनं पाठवतो बोलली,' तू सांगायचीस, 'पन मी काय पसंत नाय पडलो.' हसत सांगायचीस. मी उठून चुलीकडे जायचे.

मी फादरांकडे कबुली दिली होती, तीनदा. तिन्ही वेळा त्यांनी सांगितलं की देवानं क्षमा केली. देवाचं काय जातंय! त्याला कुठं रविवारी पायरीशी उभं राहायचं होतं?

आणि शेवटी, तू जायच्या पंधरा दिवस आधी मी ठरवून आले. दुपारची वेळ, रेजिन पाणी भरायला गेलेली, पास्कू कामावर. तुझा हात पापुद्र्यासारखा झाला होता. मी म्हटलं, 'इजा, झांजिबारचं एक सांगायचं राहिलंय.' तुझे डोळे एकदम चमकले. तुला वाटलं, मी जुन्या आठवणी काढतेय. 'मी पन तोच इचार करतो गो पडल्या पडल्या,' तू म्हणालीस. 'आता मना कळला. मादरनी बरोबरच केला. मी कमी पडलो असन. बडबडी पोर, मठात कशी निभावली असती? देवानं पास्कू दिला, रेजिन दिली. मी रागावलो नाय आता. इतकी वरसं लागली बाय, पन आता नाय रागावलो.'

तुझ्या चेहऱ्यावर अशी शांतता होती की मी तोंड मिटलं. एवढ्या वर्षांनी मिळवलेली ती शांतता मी सांगितलं असतं तर फुटली असती, असं मला वाटलं. की मी पुन्हा घाबरले? इजा, खरंच मला ठाऊक नाही. मी म्हटलं, 'तू कमी नाही पडलीस गं.' तू म्हणालीस, 'तू बहीन हायस, तू असाच बोलनार.' आणि डोळे मिटलेस. मी तुझे पाय चेपत बसले.

आता रेजिनचं सांगते. सातव्याचं जेवण झाल्यावर आम्ही दोघी अंगणात तांदूळ निवडत होतो. तेरा वर्षांची झाली, पण तुझ्यासारखीच बसते, एक पाय दुमडून. म्हणाली, 'मावशी, आयची झांजिबारची गोष्ट सांग. ती सांगायची तशी.' मी फुगे सांगितले, घमेलं सांगितलं, वालाचं बिरडं सांगितलं. ती खुदकन हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग धक्का आला. मी थांबले, तर ती स्वतःच सांगायला लागली, तुझ्याच सुरात, 'मग मादर बोलली, बोलावनं पाठवतो. पन आय काय पसंत नाय पडली.'

ते मला ऐकवेना. तुझ्या पोरीच्या तोंडून ते मला ऐकवेना. मी तिला सगळं सांगितलं.

तिनं सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, 'मंजे त्यांना आय पायजे होती?'

'हो.'

'आयला ठावं होता?'

'नाही.'

'तू कशाला असा केलास?'

'मी एकटी पडले असते, रेजिन.'

तिनं मान वर करून घराकडे बघितलं. तुझी खाट उभी करून भिंतीला लावली होती, ती दारातून दिसत होती. 'आनि आता?' एवढंच ती म्हणाली. रागानं नाही गो. खरोखर विचारावं तसं विचारलं.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली नाही. माझं गाठोडं घेऊन स्टेशनापर्यंत आली, मला बायकांच्या डब्यात खिडकीशी बसवलं. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून दोन पावलं चालली आणि म्हणाली, 'मना सांगून काय उपेग मावशी? आयला सांग.'

म्हणून ही वही काढून बसलेय. कुणाच्या हातून पाठवणार, ते मला ठाऊक नाही. तुझ्यासमोर तोंड उघडायला मला अठरा वर्षं पुरली नाहीत. क्षमा मागत नाही. मागायचा हक्क तू होतीस तोवर होता.

फक्त एवढं ऐक, इजा. मादर म्हणाली होती, ये. तू कमी पडली नव्हतीस. तू रविवारी पायरीशी उभी राहून पत्राची वाट पाहत होतीस ना, त्या तिकडे तुझी वाट पाहत होत्या.